घुसमट रांगेतली, राइडमधली

खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कमध्ये ‘नायट्रो’ नावाचा रोलर कोस्टर आहे. त्याच्या डब्यांना तळच नाही. माणूस खुर्चीत बसतो, खांद्यावरून जाडजूड कडे खाली येऊन छातीवर घट्ट बसते आणि पाय अधांतरी लोंबकळत राहतात. त्याच पार्कात ‘डीप स्पेस’ नावाचा दुसरा कोस्टर आहे. तो बंद इमारतीच्या आत, अंधारात धावतो. बंदिस्त जागेची भीती असलेली दोन माणसे इथे आणली, तर असे होऊ शकते की एक जण नायट्रोवर आनंदाने चढेल आणि डीप स्पेसच्या दारातूनच मागे फिरेल. दुसऱ्याला त्या अंधाराचे काही वाटणार नाही, पण नायट्रोचे कडे खांद्यावर टेकल्याबरोबर तो ‘मला उतरवा’ म्हणून ओरडू लागेल.

दोघांच्या त्रासाला डॉक्टर एकच नाव देतात, क्लॉस्ट्रोफोबिया. आतून मात्र ही दोन वेगळी भये आहेत. कॅनडात दीर्घकाळ काम केलेले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन टेलर यांनी 1993 मध्ये ही फोड पुढे आणली. एक भय हवा संपेल, श्वास कोंडेल याचे. दुसरे भय जखडले जाण्याचे. हवे तेव्हा हलता येणार नाही, बाहेर पडता येणार नाही याचे. पुढे 2001 मध्ये याच पायावर एक प्रश्नावली तयार झाली आणि अभ्यासक ती आजही वापरतात. काही जणांत दोन्ही भये असतात, पण बहुधा त्यातले एक वरचढ असते. सहलीला निघणाऱ्या कुटुंबाला ही फोड फार उपयोगी पडते. ‘पप्पांना कोंडल्यासारखे होते’ एवढे माहीत असून भागत नाही. हवेची भीती की अडकण्याची, हे कळले की अर्धी आखणी घरीच करता येते.

घर उमेळ्यात आहे असे धरू. वसई रोड आणि नायगाव या दोन स्थानकांच्या परिसरात, रुळांच्या पश्चिमेला असलेले हे गाव आता वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत येते. खाडी आणि मिठागरे जवळ, रुळांपलीकडे नायगाव पूर्वेचे उंच टॉवर. उन्हाळ्याची सुट्टी लागली की इथल्या घरांत सहलीचे बेत सुरू होतात आणि पर्यायही पुष्कळ असतात. याच तालुक्यात पारोळला ‘द ग्रेट एस्केप’ वॉटर पार्क आहे. खाडी ओलांडली की गोराईला ‘वॉटर किंगडम’. त्याच्या शेजारचे ‘एस्सेलवर्ल्ड’ 1989 मध्ये सुरू झाले आणि एका अख्ख्या पिढीची शाळेची सहल तिथेच झाली. ते आता बंद आहे. एप्रिल 2013 मध्ये चित्रपट उद्योगातले मनमोहन शेट्टी यांनी इमॅजिका उभे केले आणि 2022 पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. टूर कंपनीबरोबर सिंगापूर किंवा हाँगकाँगला जाऊन तिथली पार्के पाहणारी मराठी कुटुंबेही आता थोडी नाहीत.

उघड्या आभाळाखालच्या या जागांमध्ये बंदिस्तपणाचे भय कशाला, असा प्रश्न ज्यांना कधी त्रास झाला नाही ते हमखास विचारतात. खरे तर सहलीच्या दिवसात बंद जागा एकामागून एक येत राहतात. लोकलचा डबा, घोडबंदरच्या कोंडीत काचा लावून उभी असलेली गाडी, द्रुतगती मार्गावरचे बोगदे, तिकिटाची रांग, राइडची नागमोडी रांग, राइडच्या आधी गोष्ट सांगण्यासाठी ज्यात सगळ्यांना कोंबतात ती खोली, मग खुद्द राइड आणि तिचा पट्टा. घुसमट होणाऱ्या माणसाची कसोटी पार्कच्या दारात सुरू होत नाही, नायगावच्या फलाटावरच होते.

या फलाटाबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. विरार लोकलमध्ये जीव घाबरणे हा आजार नाही. रेल्वेच्या भाषेत या गर्दीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात आणि त्याचा अर्थ एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 उभी माणसे. गर्दीचा अभ्यास करणारे लोक चौरस मीटरला पाच-सहा माणसांच्या पुढची दाटी धोक्याची मानतात. 29 सप्टेंबर 2017 ला याच पश्चिम रेल्वेच्या तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाजवळच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसे गेली. अशा जागी छातीत धडधड झाली तर शरीर आपले काम चोख करत आहे. जिथे धोका नगण्य आहे, चालू लिफ्टमध्ये किंवा सिनेमागृहाच्या मधल्या खुर्चीत, तिथेही तेवढीच धडधड होत असेल, ती सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकून असेल आणि तिच्यापायी माणूस आपली कामे, नाती, हौस सोडू लागला असेल, तेव्हा मनोविकारशास्त्र त्याला फोबिया म्हणते. घरच्या माणसांनी ही रेषा ओळखली पाहिजे. जिथे भीती रास्त आहे तिथे ‘धीर धर’ म्हणणे चुकीचे आहे आणि जिथे ती अवास्तव आहे तिथे ‘नकोच जाऊया’ म्हणणे दीर्घकाळ महागात पडते.

लोकलच्या उघड्या दारानेही इथे गुपचूप मोठी भूमिका बजावली आहे. घुसमटणारी कितीतरी माणसे दारापाशी उभी राहून वर्षानुवर्षे प्रवास करतात. वारा लागतो, बाहेरचे दिसते, म्हणून निभावते. 25 डिसेंबर 2017 ला पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली आणि तिची दारे आपोआप बंद झाली. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दाराशी लटकणारे प्रवासी पडून मरण पावले. त्यानंतर साध्या लोकलनाही बंद होणारी दारे बसवण्याचे रेल्वेने जाहीर केले. हवा खेळती राहावी म्हणून दारांना झरोके आणि छतावर वायुवीजनाची यंत्रे असतील, असेही सांगितले. जीव वाचवणारा हा बदल हवाच. पण ज्यांचा रोजचा प्रवास त्या उघड्या दारावर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी तो नवे आव्हान घेऊन येईल, हेही तितकेच खरे.

सहलीच्या दिवशी मात्र गर्दी टाळता येते. गोराईला जायचे असेल तर वसईकरांच्या हाताशी एक छान पर्याय आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये वसई ते भाईंदर रो-रो बोट सुरू झाली. मोकळ्या डेकवर उभे राहून खाडी ओलांडायची, गाडी सोबत घ्यायची आणि भाईंदरहून उत्तनमार्गे पुढे जायचे. दिवसाची सुरुवात डब्यातल्या चेंगराचेंगरीने झाली तर पार्कात पोहोचेपर्यंत माणूस आधीच शिणलेला असतो. सकाळ वाऱ्यावर गेली तर पुढच्या रांगेसाठी बळ उरते.

आता पार्कच्या आत. थीम पार्कची सगळी जादू बाहेरचे जग दिसू न देण्यावर उभी असते. गुहा दाखवायची तर आणीबाणीचे दारही दगडासारखे रंगवायचे, अंतराळ दाखवायचे तर भिंतीच दिसू द्यायच्या नाहीत. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 1969 पासून चालू असलेल्या ‘हॉन्टेड मॅन्शन’ची सुरुवातच अशी आहे. पाहुण्यांना एका आठ कोनी खोलीत उभे करतात, दार बंद होते, भिंती ताणल्यासारख्या उंच होत जातात आणि एक आवाज सर्वांना बजावतो की या खोलीला ना दार आहे ना खिडकी. प्रत्यक्षात ती खोली म्हणजे खाली नेणारी मोठी लिफ्ट आहे. इतरांना गंमत वाटते ती नेमकी याच गोष्टीची, आणि घुसमटणाऱ्याचा जीव जातो तोही याच गोष्टीने. त्याची शांती ‘बाहेरची वाट तिकडे आहे’ एवढ्या एका माहितीवर टेकलेली असते.

म्हणून सर्वांत मोठा उपाय हा की ती माहिती मागून घ्यायची. राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला विचारायचे: आत किती वेळ उभे राहावे लागते, अंधार किती, खोलीचे दार कधी बंद होते, आणि चढण्याच्या जागेपर्यंत जाऊन मागे फिरायचे असेल तर वाट कुठून आहे. बहुतेक राइडमध्ये डब्यात बसण्याच्या जागेजवळ न बसता पलीकडे निघून जाण्याची सोय असते, कारण मुले आयत्या वेळी रडू लागतात हे पार्कवाल्यांना पुरते ठाऊक असते. पाट्यांवर हृदयविकार, गरोदरपण, पाठीचे-मानेचे दुखणे, मुलांची उंची यांचे इशारे असतात. बंद जागेचा इशारा मात्र सगळीकडे मिळेलच असे नाही. फ्लोरिडातल्या एपकॉट पार्कमध्ये 2003 मध्ये ‘मिशन स्पेस’ सुरू झाली, चार माणसांच्या अरुंद कुपीत बसवून गरगर फिरवणारी. तिथे बंद आणि अंधाऱ्या जागांचा त्रास असलेल्यांना स्पष्ट सूचना असते आणि 2006 पासून तिचा सौम्य प्रकारही ठेवला आहे. सौम्य प्रकारात फिरणे नाही. कुपी मात्र तेवढीच अरुंद. अडकण्याचे भय असलेल्याला ‘सौम्य’ या शब्दाने फसायला नको.

पाण्याच्या पार्कात हीच गोष्ट घसरगुंड्यांना लागू पडते. वरून उघड्या घसरगुंडीत वेग कितीही असला तरी आभाळ दिसत राहते. बंद नळीच्या घसरगुंडीत काही सेकंद पूर्ण काळोख असतो, पाणी तोंडावर येते आणि मध्ये थांबण्याचा प्रश्नच नसतो. खालून नळीचा रंग आणि आकार पाहूनच निवड करता येते. वर जिन्यात, ओल्या गर्दीत उभे राहून ठरवण्याची वेळ येऊ देऊ नये.

शरीरात नेमके काय होते ते कळले तर निम्मी दहशत ओसरते. भीतीचा इशारा मिळाला की हृदय जोरात धडधडते आणि श्वास भराभर चालू लागतो. भराभर श्वासामुळे शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्याचे रक्तातले प्रमाण घसरले की ओठांना, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, छाती आवळल्यासारखी वाटते आणि श्वास पुरत नाही असा भास होतो. म्हणजे हवा कमी पडल्याची ती भयंकर जाणीव बहुतेक वेळा जास्त श्वास घेतल्यामुळेच येते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी 1993 मध्ये पॅनिकच्या झटक्यांबद्दल असा विचार मांडला की काही जणांच्या मेंदूत गुदमरण्याची सूचना देणारी यंत्रणा अधिक हळवी असते आणि कारण नसताना वाजते. हवेचे गणित मात्र साधे आहे. हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो आणि आपण बाहेर सोडलेल्या श्वासातही तो 16 टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो. लिफ्ट, बोगदा किंवा राइडची खोली हवाबंद नसते. वीज गेली तरी लिफ्टच्या पेटीत हवा येत-जात राहते.

पॅनिकचा झटका काही मिनिटांत टोक गाठतो आणि मग उतरू लागतो. खाडीच्या भरतीला जशी ओहोटी असतेच, तशी त्यालाही असते. त्या काही मिनिटांत करण्याजोगी सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे श्वास सोडणे लांबवणे. चार अंक मोजत नाकाने आत, सहा अंक मोजत हळूहळू बाहेर. खोल श्वास घे, खोल श्वास घे, असा धोशा लावला की माणूस आणखी हवा ओढतो आणि मुंग्या वाढतात. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय डॉक्टर आता सुचवत नाहीत, कारण त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर तो घातक ठरू शकतो. छातीत दुखण्याचा असा प्रकार आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, तर तो भीतीचाच आहे असे स्वतः ठरवू नये. पार्कच्या प्रथमोपचार केंद्रात जावे आणि घरी आल्यावर डॉक्टरांना दाखवावे.

बंद जागेत माणसाला सावरणाऱ्या गोष्टी कोणत्या, याचे अलीकडचे मोठे उदाहरण उत्तराखंडातले आहे. 12 नोव्हेंबर 2023 ला, ऐन दिवाळीच्या दिवशी, सिल्क्यारा बोगद्याचा भाग कोसळून 41 कामगार आत अडकले. ते 28 नोव्हेंबरला सुखरूप बाहेर आले. आत त्यांना चालायला बोगद्याचा लांब पट्टा होता आणि दिवे होते. नळीतून अन्न जात होते, घरच्यांचा आवाज ऐकू येत होता, मनोविकारतज्ज्ञ बाहेरून बोलत होते. कामगारांनी आत फेऱ्या मारल्या, योगासने केली. धोका खरा, जागा बंद, तरीही माहिती, आवाज आणि हालचाल या तीन गोष्टींनी त्यांना तगवले. पार्कातल्या 40 मिनिटांच्या रांगेत याच तीन गोष्टी लहान मापात देता येतात. किती वेळ उरला ते सांगत राहायचे, बोलत राहायचे, आणि दोन लोखंडी कठड्यांच्या मध्ये न अडकता बाहेरच्या कडेला, जमले तर पायांना जागा राहील असे उभे राहायचे.

घरच्यांच्या तोंडून या वेळी काय निघते, यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘अहो, एवढीशी पोरं बसतात, तुम्हाला काय होतंय?’ हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते आणि काळजात जाऊन रुतते. भीतीच्या जोडीला मग लाज येते, आणि लाजेने माणूस त्रास लपवू लागतो. पुढच्या वर्षी त्याची पाठ दुखते, त्याच्या पुढच्या वर्षी ऑफिसात सुट्टी मिळत नाही. दुसऱ्या टोकाला जाणारीही घरे असतात. आईला त्रास होतो म्हणून सिनेमा बंद, लिफ्ट बंद, लांबचा प्रवास बंद. टाळल्याने त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते आणि नेमका तोच आराम भीतीला खतपाणी घालतो, कारण आत थांबलो असतो तर काही झाले नसते, हे शिकण्याची संधीच मनाला मिळत नाही.

सन्मानाने बाजूला राहण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. पंढरपुरात आषाढीला दर्शनबारीत कित्येक तास उभे राहावे लागते. ज्यांना ते झेपत नाही ते मुखदर्शन घेतात, नामदेव पायरीला डोके टेकतात किंवा लांबून कळसाला हात जोडतात, आणि त्यांची वारी अपुरी राहिली असे कोणीही म्हणत नाही. सहलीतही असे कळसदर्शन ठेवता आले पाहिजे. राइड संपते तिथे मुलांना घ्यायला उभे राहणे, फोटो काढणे, पुढच्या खेळाची वेळ पाहून ठेवणे ही सहलीतलीच कामे आहेत. मात्र कोणी कुठे बसायचे, कोणी बाहेर थांबायचे हे आदल्या रात्री घरी ठरलेले बरे. रांगेच्या मध्यावर, मागची माणसे ढकलत असताना, मुले हात ओढत असताना ठरवायला गेले की भांडणे होतात.

हळूहळू आत शिरण्याची वाट मात्र सोडू नये, कारण बंदिस्त जागेची भीती ही मनाच्या त्रासांपैकी सर्वांत चांगली बरी होणाऱ्या त्रासांत मोडते. जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये पायरीपायरीने भीतीला सामोरे जाण्याची पद्धत मांडली. भीतीला 0 ते 100 असे गुण द्यायचे, सोप्या जागेपासून सुरुवात करायची आणि गुण निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचे. उमेळ्यातल्या माणसाला ही शिडी घराजवळच बांधता येते. आधी एखाद्या इमारतीच्या लिफ्टमध्ये, सोबत घेऊन, एकच मजला. मग दोन, मग एकट्याने. मग दुपारच्या रिकाम्या एसी लोकलने नायगाव ते वसई रोड, एकच स्थानक. विरारला जीवदानीच्या डोंगरावर जायला तेराशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि ट्रॉलीचीही सोय आहे. चढताना पायऱ्या आणि उतरताना ट्रॉली, असा सौदा मनाशी करता येतो. खोपोलीच्या वाटेवर द्रुतगती मार्गाला खालापूरच्या आधी भाताण आणि मडप हे बोगदे लागतात. त्यातला भाताणचा सुमारे एक किलोमीटरचा आहे आणि वाहतूक मोकळी असेल तर पार व्हायला मिनिटही लागत नाही. काच वर ठेवून, डोळे उघडे ठेवून तो पार करणे ही मोठी पायरी आहे. राइड या शिडीच्या वरच्या टोकाला येते, पहिल्या दिवसाच्या सरावासाठी ती नाही. चालू झालेल्या राइडमधून उतरता येत नाही आणि अशा जागी घेतलेला पहिला अनुभव वाईट गेला तर भीती दुप्पट होते.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऊस्ट यांनी 1980 च्या दशकात याच तत्त्वावर एका बैठकीचा उपचार विकसित केला. तज्ज्ञ सोबत असतो, बैठक जास्तीत जास्त तीन तासांची असते आणि तेवढ्यात रुग्ण एकेक पायरी चढत जातो. 2001 मध्ये ऊस्ट आणि सहकाऱ्यांनी क्लॉस्ट्रोफोबियासाठी एका बैठकीची आणि पाच बैठकांची तुलना केली, तेव्हा एका बैठकीचा उपचारही मागे पडला नाही. वर्षानुवर्षे जिने चढणाऱ्या माणसाला ही बातमी कोणी तरी सांगायला हवी. झोपेच्या किंवा चिंता कमी करणाऱ्या गोळ्या शेजाऱ्याकडून मागून घेऊन राइडवर बसणे हा मात्र शुद्ध धोका आहे. त्या गोळ्यांनी गुंगी येते, सवय लागू शकते आणि भीतीशी ओळख होऊन ती ओसरण्याचे जे शिक्षण आहे, त्यातही अडथळा येतो. औषध हवे की नको, हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतील.

मुलांकडे वेगळे लक्ष हवे. मूल ‘मला कोंडल्यासारखे होते’ असे सांगत नाही. ते रडते, चिकटून बसते, थिजते किंवा अकारण हट्ट करते, आणि त्याला नाटकी म्हणून दटावले जाते. जबरदस्तीने उचलून बसवलेले मूल त्या दिवशी गप्प होईलही, पण पुढे लिफ्टपाशीही ते तसेच थिजेल. उलट बाजूही खरी आहे. मुले मोठ्यांकडे पाहून भीती शिकतात, तसे धैर्यही पाहून शिकतात. ‘मला इथे जरा भीती वाटते, म्हणून मी दारापाशी उभी राहते, पण येते’ असे सांगणारी आई मुलाला फार मोलाचे काही देते. घरी बसून राइडचे व्हिडिओ एकत्र पाहणे मुलांनाही आवडते आणि मोठ्यांच्या सरावालाही उपयोगी पडते. पुढच्या वळणावर काय आहे हे माहीत असले की गंमत थोडी कमी होते हे खरे, पण या माणसांना ती तेवढी कमी झालेलीच हवी असते.

परदेशी जाणाऱ्यांनी एक बदल ध्यानात ठेवावा. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांमध्ये रांगेत उभे राहता येत नसलेल्यांसाठी खास सवलत आहे. 2024 च्या मे-जूनपासून ती मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांपुरती ठेवली आहे. फक्त गर्दीची किंवा बंद जागेची भीती सांगून ती मिळेल असे धरून चालू नये. मुले असलेल्या पालकांना आळीपाळीने राइडवर बसता यावे, दोनदा रांग लावावी लागू नये, अशी सोय मात्र मोठ्या पार्कांत असते आणि ती मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आपल्याकडे गर्दी टाळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे सुट्टी सोडून मधला वार निवडणे आणि दार उघडताना पोहोचणे. शाळा सुरू होण्याआधीचा शेवटचा रविवार आणि दिवाळीनंतरचा आठवडा हे दिवस अशा कुटुंबाने सोडूनच द्यावेत.

भीतीचा प्रश्न सहलीबरोबर संपत नाही, म्हणूनच त्यावर आत्ता काम करणे शहाणपणाचे. एमआरआयच्या यंत्राची पोकळी साधारण 60 ते 70 सेंटिमीटर व्यासाची असते आणि कितीतरी रुग्ण ऐन गरजेच्या वेळी त्यातून अर्ध्यावर बाहेर येतात. मुंबईत भुयारी मेट्रो धावते आहे. ठाणे आणि बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जोडणाऱ्या जुळ्या बोगद्याचे काम सुरू आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर विरारला स्थानक असणार आहे आणि तिथून मुंबईत शिरताना गाडी सुमारे 21 किलोमीटरच्या बोगद्यातून जाईल. ज्यांनी आज एका मजल्याची लिफ्ट साधली, त्यांना उद्याची ही वाट मोकळी होईल.

पार्क चालवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. रांगेच्या तोंडाशी एक मराठी पाटी लावा: रांग साधारण किती वेळाची, आत अंधार किती, दारे किती मिनिटे बंद, पट्टा खांद्यावर की कमरेवर, आणि मागे फिरण्याची वाट कुठे. एका पाटीला फारसा खर्च येत नाही आणि तिकीट काढून आलेली अनेक माणसे बाकावर बसून राहण्याऐवजी आत येतील.

ज्या घरात कोणाला हा त्रास आहे, त्यांनी मदत मागायला सहलीच्या तारखेची वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416, फोन विनामूल्य, दिवसरात्र कधीही, आणि पलीकडच्या समुपदेशकाशी मराठीत बोलता येते.